मापेसाहेबांचा नाश्ता

मापेसाहेब हॉटेलच्या पायरीवर क्षणभर थांबायचे, डोळे मिटायचे आणि आत काय शिजतंय ते सांगायचे. नुसतं ‘भजी’ म्हणून मोकळं होणं नाही. “तेल कालचं हाये, बेसनात ओवा जास्त पडला, अन् मागच्या चुलीवर दूध लागून राह्यलं, सांगा त्याले,” इतकं तपशीलवार. मालक धावत मागे जाई, तर दूध खरोखरच तळाशी धरलेलं असे. असं नाक लाभलेल्या या माणसाने आदिलाबादच्या एकाही हॉटेलात, गाड्यावर किंवा मिठाईच्या दुकानात कधी घासभर खाल्लं नव्हतं. आमची ओळख झाली तेव्हा या न खाण्याला अठरा वर्षं होऊन गेली होती.

ते वजनमाप खात्यात इन्स्पेक्टर होते. तुमच्याकडे डाळ-तांदूळ छापील पिशवीतून येतात, म्हणून हे काम काय असतं ते तुम्हाला सांगायला हवं. तेव्हा प्रत्येक दुकानात ताजवा म्हणजे तराजू आणि लोखंडी बट्टे म्हणजे वजनं असत. बट्ट्याच्या पोटात एक खळगा आणि त्यात शिसं भरलेलं. ठरलेल्या मुदतीने बट्टा तपासायचा आणि बरोबर असला तर हातोडीने त्या शिशावर सरकारी छाप ठोकायचा, हे त्यांचं काम. किराणावाला, मिठाईवाला, रॉकेलवाला, कापडवाला, सगळे त्यांच्या हाताखालून जात. शिपाई म्हणून लागलेला हा माणूस परीक्षा देत देत इन्स्पेक्टर झाला होता. बदल्या झाल्या त्याही जिल्ह्यातल्या जिल्ह्यात. मंचेरियलला काही वर्षं काढून ते परत इकडे आले होते. गावाने त्यांचं नाव मापेसाहेब ठेवलं, आणि खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक राहिलं.

साहेब दारात दिसले की दुकानात एकच धांदल उडे. खांद्यावरच्या फडक्याने खुर्ची पुसली जाई, कोणीतरी ओरडे, “साब के लिए चाय बोलो, मलाई मार के!” मापेसाहेब उभेच राहत. “मले नाई पाजून राह्यले तुमी,” ते म्हणत, “माझ्या हातोडीले पाजून राह्यले. तिले तहान नाई लागत.” मग घरचा डबा उघडून, सायकल झाडाला टेकवून, झाडाखाली भाकरी खात. मात्र त्यांच्या मनात एक यादी होती. गल्लीवार लावलेली. कुठल्या हॉटेलात काय खायचं, कोणत्या वेळी खायचं, शेजारी काय मागवायचं. निवृत्त झाल्यावर, हातात हातोडी नसताना, साध्या गिऱ्हाईकासारखं आत जाऊन बसायचं, मागवायचं, पैसे द्यायचे आणि बाहेर यायचं. माणसं काशीला जायचं ठरवतात, तसं यांनी हे ठरवलं होतं.

आता मी यात कशी आले? मी नागपूरला इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली. तुमच्या आजोबांची बदली आदिलाबादला झाली आणि मला तिथल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचं काम मिळालं. माझ्या स्वयंपाकघरात सोमवारी मूग आणि मंगळवारी मटकी असा नेम असे. बाहेरचं खाणं म्हणजे आजारपणाला आवतण, हे मी आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की ते मला पाढ्यासारखं पाठ होतं. आणि गाव असं की भाजीवालीशी तेलुगू, किराणावाल्याशी हिंदी, शेजाऱ्याशी मराठी. पहिले सहा महिने मी शाळा आणि घर यापलीकडे पाऊल टाकलं नाही. मापेसाहेबांचं घर आमच्या भिंतीला लागून. कमरेएवढी भिंत, तिच्यावरून वाटीची आणि बातमीची देवाणघेवाण चाले.

एका संध्याकाळी त्यांनी भिंतीवरून विचारलं, “मॅडम, कापसाच्या बाजाराच्या गेटजवळची मिर्ची खाल्ली काय?”

“मी बाहेर खात नाही.”

“मी पण नाई खात. पण माझी मजबुरी हाये. तुमची काय हाये?”

याचं उत्तर मी रात्रभर शोधलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट मिर्चीच्या त्या गाड्यावर गेले. कापसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग लागलेली, बैल रवंथ करताहेत, आणि गाडीवानांच्या घोळक्यात मी एकटी, इस्त्रीच्या साडीत. गाड्यावरची तेलुगू बाई माझ्याकडे पाहून हसली आणि कागदावर मिरचीची दोन भजी ठेवून म्हणाली, “तिनंडम्मा.” खा बाई. एवढं तेलुगू मला त्या दिवशी समजलं.

संध्याकाळी मी भिंतीशी जाऊन मोठ्या रुबाबात सांगितलं, “छान होती.”

“छान म्हणजे किती?”

“म्हणजे... चांगली होती. खूपच.”

मापेसाहेबांनी कपाळाला हात लावला. “मॅडम, तुमी एवढं इंग्रजी शिकवून राह्यल्या पोरीहिले, अन् मले म्हणता ‘खूपच’? खूपच हे काही माप हाये काय? उद्या एखादा दुकानदार मले म्हणन, साहेब, साखर खूपच दिली. चालन काय?”

मला राग आला. बाईमाणसाने गाड्यावर उभं राहून खायचं धाडस केलं, त्याचं कौतुक राहिलं बाजूला! तरी मी दुसऱ्या दिवशी परत गेले. या वेळी लक्ष देऊन खाल्लं. मिरची चिरून तिच्यातल्या बिया काढलेल्या होत्या आणि आत ओवा घातलेली चिंच भरली होती. पहिल्या घासाला आंबट, तिखट नंतर, आणि तेही घशात नाही, कानामागे. वरचं बेसन दातांखाली वाजे, पण आतून मऊ. हे सगळं सांगत असताना मापेसाहेब भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते. मी थांबले तेव्हा त्यांनी आवंढा गिळला.

“आता पावली मिर्ची,” ते म्हणाले.

तेव्हापासून मी त्यांची जीभ झाले. दर आठवड्याला एक कामगिरी. बसस्टँडमागचा आलूबोंडा. तेलुगू शाळेच्या कोपऱ्यावरची सर्वपिंडी, म्हणजे तांदळाच्या पिठात शेंगदाणे आणि तीळ घालून गोल भांड्याला आतून थापून भाजलेली खरपूस भाकरी. ती भांड्याच्या आकाराचीच वाटीसारखी निघते. गल्लीतल्या मावशीची उकडपेंडी, म्हणजे कणकेचा तिखट उपमा. बाईने एकटीने हॉटेलात शिरायचं म्हणजे काय गंमत होती! काही ठिकाणी मागच्या बाजूला ‘फॅमिली’ अशी पाटी आणि मळका पडदा असे. एकदा मी पडद्याआड न जाता पुढेच बसले तर मालक जवळ येऊन हळूच म्हणाला, “मॅडम, फॅमिली उधर है.” मी म्हटलं, “फॅमिली घर पे है, मैं इधर हूँ.” तुमचे आजोबा हे सगळ्यांना रंगवून सांगत. “हिचं लग्न माझ्याशी झालंय,” ते म्हणत, “पण नाश्ता ती मापेसाहेबांसाठी करते.”

वाणसामानातही त्यांचा शब्द शेवटचा. “दुकानदाराचा चेहरा नका पाहू, अंगठा पाहा,” हा पहिला धडा. ताजव्याला अंगठा लागतो की नाही ते पाहायचं. दुसरा धडा असा, की जो वाणी रिकामा ताजवा आधी थांबू देतो आणि मग डाळ टाकतो, त्याची डाळही निवडलेली असते. मी हे पडताळून पाहिलं आणि दोन दुकानं कायमची बदलली.

पण खरी मौज आठवडी बाजारात. बाजारहत्नूरच्या बाजूने एक गोंड म्हातारी येई. तिच्याकडे पिवळी ज्वारी. तोवर सगळीकडे पांढरी संकरित ज्वारी आली होती. ही मात्र हळदीच्या बोटासारखी पिवळी, बारीक आणि टणक. शेजारी पळसाच्या पानाच्या द्रोणात चारोळी. मी हातात दाणे घेऊन पाहत बसले तर म्हातारी म्हणाली, “पाहून काय राह्यली ओ बाई? ज्वारी हाये, सोनं नोहे. दात आहेत ना तोंडात?” तिने लाकडी शेर काढला, ज्वारीत बुडवला आणि वर शीग लावून, दाणे चहूबाजूंनी ओघळतील इतका भरून माझ्या पिशवीत ओतला. लाकडी शेर कायद्याने बंद झाला होता. मी मान वर केली तर दहा पावलांवर मापेसाहेब आमच्याकडे पाठ करून उभे. कुठल्याशा कांद्यांचं बारकाईने निरीक्षण चाललेलं.

नंतर मी त्यांना छेडलं. “साहेब, तो शेर जप्त करायला हवा होता ना?”

“हौ, पाह्यजे होता.”

“मग?”

“कायद्यात शेर हाये, शीग नाई. ती शीग लावून देते. जास्त देणाऱ्याले कोणत्या कलमात पकडू, ते मले अजून सापडलं नाई. सापडलं की पकडतो.” अखेरपर्यंत त्यांना ते कलम सापडलं नाही. त्या ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी मी त्या रात्री केली. भाकरीला गोडसर, किंचित भाजल्या शेंगेसारखा वास होता. मूग-मटकीचं माझं वेळापत्रक त्या आठवड्यात मोडलं ते मोडलंच.

अशी चार-पाच वर्षं गेली. आणि मग माझ्या हातून ती गोष्ट झाली. ती मी आजवर तुमच्या आईलाही सांगितलेली नाही.

रेल्वे स्टेशनच्या वाटेवर एका म्हाताऱ्या चाचांचं छोटं हॉटेल होतं. सकाळी नऊपर्यंतच उघडं. तिथे खिचडी आणि खट्टा मिळे. खट्टा म्हणजे चिंचेचं पातळ, आंबट कालवण. मापेसाहेबांच्या यादीत हे पहिल्या ओळीत होतं. पहाटेची गाडी पकडायला जाताना त्यांनी तो वास वर्षानुवर्षं घेतलेला. एका सोमवारी ते भिंतीशी आले ते जरा घाईतच.

“मॅडम, म्हातारा हॉटेल मोडून राह्यला. पोरीकडे हैदराबादेत चालला. शनिवारी शेवटचा दिवस. माझ्या रिटायरमेंटपर्यंत तो काही थांबत नाई. तुमी जाऊन या.”

मी हो म्हटलं. पण त्या आठवड्यात सहामाहीच्या दोनशे उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर होत्या. मंगळवार गेला, बुधवार गेला. आज जाते, उद्या जाते म्हणताना शुक्रवार उजाडला, आणि संध्याकाळी मापेसाहेब भिंतीशी येऊन उभे. ‘गेले नाही’ असं म्हणायची मला लाज वाटली. मी हैदराबादला एका लग्नात खिचडी-खट्टा खाल्लेला होता. तेच वर्णन मी केलं. खिचडी मोकळी, मसुराच्या डाळीची. खट्टा गार. त्यात तीळ भाजून वाटलेले, वर कांद्याच्या बारीक फोडी. मला सांगायला हवं, मी ते फार सुरेख सांगितलं. इतकी वर्षं त्यांनीच मला शिकवलं होतं.

मापेसाहेबांनी सावकाश डोळे उघडले. “तीळ होते?”

“हो.”

“बरं,” ते म्हणाले आणि आत गेले.

सकाळी पाणी भरताना मापेवहिनींनी मला गाठलं. या वहिनी म्हणजे बोलायला मोकळ्या आणि बोचायला तयार. “काऊन हो मॅडम, तुमी गेल्याच नव्हत्या ना? म्हातारा खट्ट्यात तीळ नाई घालत. जवस घालते. भाजलेल्या जवसाचा वास आमच्या यांच्या नाकात वीस वर्षांपासून हाये. रातच्याले जेवले नाई ते.”

मी घागर तिथेच ठेवली आणि चपला घालून स्टेशनच्या दिशेने निघाले. जवळजवळ पळतच. शनिवार होता, नऊ वाजायचे होते. हॉटेलासमोर हातगाडी उभी होती आणि तिच्यावर बाकं उलटी रचली जात होती. चाचांनी एक दिवस आधीच आवरलं होतं.

“चाचा, थोडा खट्टा मिळेल का? एक वाटी?” मी कोणत्या भाषेत बोलले ते मला आठवत नाही.

त्यांनी हात पसरले. “अब कहाँ अम्मा? देग भी बिक गई.” खिचडीचं मोठं पातेलंही विकलं गेलं होतं. बाईच्या डोळ्यांत वाटीभर खट्ट्यासाठी पाणी का आलं, ते त्या म्हाताऱ्याला कळणं शक्यच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी भिंतीशी जाऊन सगळं कबूल केलं. मापेसाहेब एवढंच म्हणाले, “खोटं बोलल्या त्याचा राग नाई मॅडम. रोज ऐकतो मी खोटं, नोकरीच ती हाये. राग याचा, का मी डोळे मिटून ऐकून राह्यलो होतो.”

त्यानंतर दोन महिने कामगिरी आली नाही. भिंतीवरून वाटी येई, पण वहिनींच्या हातून. मग मी माझ्याच मनाने सुरुवात केली. दर रविवारी कुठेतरी जायचं, खायचं, आणि संध्याकाळी भिंतीशी उभं राहून वहिनींना सांगायचं. जरा मोठ्या आवाजात. आत खाटेवर वर्तमानपत्र धरलेलं दिसे. पान मात्र उलटत नसे. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी बसस्टँडवरच्या पुऱ्यांबद्दल सांगत होते. वहिनी मध्येच आत जाऊन आल्या. “ते विचारून राह्यले, भाजीत हिंग होता काय?”

“होता म्हणावं. आणि ताजा होता.”

वहिनी परत आत. परत बाहेर. “विचारतात, बटाटा चिरलेला का कुस्करलेला?”

“अर्धा कुस्करलेला.”

“आता तुमीच या अन् विचारा!” वहिनी आतल्या बाजूला ओरडल्या. “मी काय तार हापीस हाये?”

मापेसाहेब आले. भिंतीला टेकले आणि त्यांनी पहिल्यांदा मला आपल्या बापाबद्दल सांगितलं. बाप शेतमजूर. बाजाराच्या दिवशी पोराला घेऊन गावात येई. मोठ्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात त्यांना चहा मिळे, पण बाहेर, उभ्याने, वेगळ्या ठेवलेल्या कपातून. आणि तो कप धुवून परत खिडकीत ठेवायचा.

“मी विचारलं, बाबा, आपण आत काऊन नाई बसत? तर म्हणे, आत गरमी होते रे.” मापेसाहेब हसले. “आमी बौद्ध झालो, मी शिकलो, नोकरीले लागलो, इन्स्पेक्टर झालो. पहिल्याच महिन्यात त्या हॉटेलात तपासणीले गेलो. मालकानं आपल्या खांद्यावरच्या फडक्यानं खुर्ची पुसली. मी बसलो नाई. काऊन का मले समजत नव्हतं, त्यानं खुर्ची कोनासाठी पुसली. माझ्यासाठी का हातोडीसाठी? ते पाह्याचं हाये मले. एकदा. हातोडी ठेवून.”

म्हणजे ही यादी नुसत्या खाण्याची नव्हती, हे मला तेव्हा समजलं. आणि त्या यादीतलं चाचांचं पान मी कोरं ठेवलं होतं, हेही.

त्यानंतर मी त्यांना एकदाही खोटं सांगितलं नाही. गेले नाही तर ‘गेले नाही’ म्हणत असे. ही सवय मला पुढे शाळेत, घरात, दवाखान्यात, सगळीकडे उपयोगी पडली.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला ते निवृत्त झाले. त्यानंतर सहा-सात वर्षं त्यांना मिळाली, आणि ती त्यांनी चांगली वापरली. सकाळी सायकल काढायचे, यादीतल्या ओळी एकेक करून संपवायचे, आणि भिंतीशी येऊन मला माझ्या चुका सांगायचे. “सर्वपिंडीत कढीपत्ता हाये मॅडम, तुमी म्हटलाच नव्हता.” पुढे ते मुलाकडे नागपूरला गेले आणि तिथेच वारले. वहिनींचं पत्र आलं तेव्हा मी एकटीच घरी होते. पण मला त्यांचं जाणं सांगायचं नाही. मला त्यांचं पहिलं खाणं सांगायचं आहे.

निरोपाचा हार पडल्यावर लोकांना वाटलं, दुसऱ्याच दिवशी हा माणूस हॉटेलात दिसेल. मापेसाहेब महिनाभर थांबले. “नवीन साहेब येऊ द्या,” म्हणाले, “माणसाहिले आदत होऊ द्या.” मग एका सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला, वहिनींना नवं लुगडं नेसायला लावलं आणि मला म्हणाले, “चला. साक्षीदार पाह्यजे.”

आम्ही त्याच मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलात गेलो. गल्ल्यावर आता जुन्या मालकाचा मुलगा. त्याने मान वर केली, ओळखलं, म्हणाला, “रिटायर हो गए ना? बैठो,” आणि पुन्हा नोटा मोजू लागला. खुर्ची कोणी पुसली नाही. मापेसाहेबांनी ती स्वतःच्या रुमालाने पुसली आणि बसले. कापसाचा मोसम, हॉटेल गच्च भरलेलं. आमच्याच टेबलावर चौथा माणूस म्हणून एक फेटेवाले पाटील येऊन बसले, न विचारताच. मापेसाहेबांनी पुरी-भाजी मागवली. ती यायला बराच वेळ लागला. आली तेव्हा त्यांनी आधी वास घेतला, पुरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला. आणि तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली.

नवीन साहेब. तरुण, हातात कातडी बॅग. गल्ल्यावरचा मालक तीरासारखा उठला. बसायला जागा नाही. त्याने चहूकडे पाहिलं आणि आमच्या टेबलाशी आला. खिडकीजवळचं, वाऱ्याचं टेबल ते. “जरा बाहर बैठेंगे क्या? बेंच है बाहर. नए साब आए.” असं म्हणत त्याने बशी उचललीसुद्धा. खांद्यावरचं फडकं निघालं आणि मापेसाहेबांची खुर्ची पुसली जाऊ लागली.

आम्ही चौघे बाहेर, रस्त्यावरच्या बाकावर. आत जाऊन त्या माणसाला चार शब्द सुनावायला मी उठले, तर मापेसाहेब म्हणाले, “बसा मॅडम.”

“बसा कसं? तुम्हाला उठवलं त्याने. तुम्हाला!”

“हौ. उठवलं.” ते बाकासमोरच्या खिडकीकडे पाहत होते. “बाप माझा हितंच उभा राहे.”

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “मंग? काय बदललं सांगा ना? तवा बी बाहेर, आता बी बाहेर.”

मापेसाहेबांनी हनुवटीने बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे खूण केली. तिथे पाटील मांडीवर बशी घेऊन, फेटा सावरत, तणतणत होते. “याले म्हणते हाटेल! माणसाले घास खाऊ देत नाई. सरका हो जरा, अर्धा बाकाच्या बाहेर हावो मी!” मापेसाहेब सरकले. पाटलांचा खांदा त्यांच्या खांद्याला लागला.

“असल्याच पाटलाच्या वावरात माझा बाप निंदणीले जाये,” ते हळू आवाजात आम्हाला म्हणाले. “बापाले जातीवरून बाहेर ठेवलं. मले हात रिकामा हाये म्हणून काढलं, अन् पाटलासंगं काढलं. खुर्ची हातोडीसाठीच पुसत होता तो, समजलं आता. पण लय फरक हाये.”

मला तो फरक त्या क्षणी पटला नाही. आजही पूर्ण पटला आहे असं नाही. आत नवीन साहेबांसाठी चहा आला होता आणि ते तो पीत होते. मापेसाहेबांनी तिकडे एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं नाही. त्यांनी भाजीचा घास घेतला, डोळे मिटले, सावकाश चावला. मग बशीत काहीतरी शोधू लागले. आणि ज्या माणसाने जन्मभर या रस्त्यावर कोणाकडे बट्ट्याखेरीज काही मागितलं नव्हतं, त्याने मान वळवून आत खणखणीत हाक दिली.

“ओ सेठ! चटनी कहाँ है? पुरी थंडी हो गई!”

“आ रही है चाचा!” आतून वैतागलेला आवाज आला. “सबर करो ना! दो ही हात हैं मेरे!”

मापेसाहेब आमच्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

“ऐकलं काय?” ते वहिनींना म्हणाले. “सबर करो म्हणते मले.”

आणि मांडीवरची बशी सांभाळत, पाटलांच्या खांद्याला खांदा लावून, ते चटणीची वाट पाहू लागले.